कोर्टात खोटं बोलायला नकार दिला आणि वकील कुलूपवाला झाला, गोष्ट अर्देशीर गोदरेज यांची

जळगावातलं सोन्याचं दुकान असो की धुळ्यात कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्याचं टेबल, एकेकाळी दोन्हीकडे एकच नाव दिसायचं. दुकानात तिजोरीवर गोदरेज आणि कोर्टाबाहेर टाइपरायटरवर गोदरेज. लेकीच्या लग्नात आंदण म्हणून लोखंडी कपाट द्यायचं तर तेही गोदरेजचंच हवं असायचं.

पण ज्या माणसाने हे नाव मोठं केलं, तो मुळात वकील होता.

अर्देशीर गोदरेज यांचा जन्म १८६८ साली मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. त्यांचं वैवाहिक आयुष्य फार थोडं टिकलं. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून त्यांची तरुण पत्नी बचूबाई हिचा मृत्यू झाला. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

कायद्याचं शिक्षण घेऊन ते एका खटल्यासाठी आफ्रिकेतल्या झांजिबारला गेले. तिथे आपल्याच अशिलाची बाजू पूर्ण खरी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. खरं नाही ते कोर्टात मांडायला त्यांनी नकार दिला. वकिली तिथेच संपली.

मुंबईत परतल्यावर त्यांनी मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्ज घेतलं आणि शस्त्रक्रियेची अवजारं बनवायला सुरुवात केली. माल चांगला होता. घेणाऱ्या कंपनीची अट एकच, त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको. अर्देशीर यांना तो शिक्का हवाच होता. झालं, दुसरा धंदाही बुडाला.

तेवढ्यात मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. तेव्हा चांगली कुलूपं परदेशातून यायची. १८९७ साली लालबागच्या एका शेडमध्ये त्यांनी कुलूपं बनवायला घेतली. पुढे १९०२ मध्ये तिजोऱ्या आल्या. थोड्याच वर्षांत धाकटे भाऊ पिरोजशा कारखान्यात आले. बॉइस नावाचे भागीदार थोडाच काळ टिकले, पण कंपनीच्या नावात ते कायमचे राहिले.

तेव्हाच्या कुलपांमध्ये आतली स्प्रिंग झिजली किंवा तुटली की कुलूप निकामी व्हायचं. अर्देशीर यांनी स्प्रिंगच काढून टाकली आणि १९०९ मध्ये अशा कुलपाचं ब्रिटिश पेटंट मिळवलं. १९१८ मध्ये प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून साबण बनवला. त्याचं नाव ठेवलं चावी!

१९२१ मध्ये त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले. मात्र स्वदेशी आहे म्हणून कमी दर्जाचा माल लोकांनी गोड मानून घ्यावा, हे त्यांना कधीच पटलं नाही. भारतात बनलेली वस्तू परदेशी वस्तूइतकी किंवा तिच्याहून चांगलीच असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे कारभार पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाची खरी परीक्षा त्यानंतर झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत प्रचंड स्फोट होऊन आगी लागल्या, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांमधले कागद आणि पैसे शाबूत राहिले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच कंपनीने बनवल्या. १९५५ मध्ये पिरोजशांचे चिरंजीव नवल यांच्या पुढाकाराने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आला. पुढे मराठीत टाइप करणारं यंत्रही आलं आणि टायपिंग क्लासमधून सरकारी नोकरीची वाट धरणाऱ्या हजारो पोरापोरींची बोटं त्यावर बसली.

कॉम्प्युटर आले आणि २००९ मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवणं थांबवलं. कोर्टाबाहेरची खडखड हळूहळू कमी झाली. आंदणात आलेली कपाटं मात्र अनेक घरांत अजून उभी आहेत, दारावर तेच नाव घेऊन.