वाकड्या बोटांचा हिशेब

मोतीबिंदू लेझरनं काढावा की नेहमीच्या पद्धतीनं, हा प्रश्न आता आमच्या तुळजापुरातही ऐकू येतो. मला अशा वेळी मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी आठवतात.

१९१८ साली तमिळनाडूतल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ऐन तिशीत संधिवातानं बोटं वाकडी झाली. त्याच बोटांनी चाकू धरायला शिकून या माणसानं पुढे लाखभर शस्त्रक्रिया केल्या! १९७६ मध्ये, ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त होताच त्यांनी घर गहाण टाकून ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. निम्म्याहून जास्त रुग्ण फुकट किंवा नाममात्र पैशांत. बँकेत हयात घालवलेला मी सांगतो, असा कर्जाचा अर्ज कुठल्याही मॅनेजरनं परत पाठवला असता. पण ज्याला परवडेल त्याच्या फीतून गरिबाचा खर्च निघू लागला. सर्जनपुढे दोन टेबलं. एकाचं उरकेपर्यंत दुसरा तयार. १९९२ पासून भिंगंही घरचीच झाली आणि शंभर डॉलरच्या घरातलं भिंग दहाच्या आसपास आलं.

२००६ मध्ये डॉक्टर गेले. हाताऐवजी छेद घेणारं लेझर यंत्र त्यानंतरचं. फ्रान्समधल्या पाच रुग्णालयांनी त्याची नेहमीच्या फेको शस्त्रक्रियेशी तुलना केली. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला : नजर तेवढीच, खर्च मात्र जास्त.