शिवथरघळ : रानातून घराकडे

आजचं वाचन : दासबोध, दशक १९, समास १.

१६०८ साली जांब गावात जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं तप, मग १२ वर्षं देशभर पायी. पुढे महाड भागातल्या शिवथरच्या दाट रानात, धबधब्याआडच्या घळीत समर्थ सांगत गेले, कल्याणस्वामी लिहीत गेले. २० दशक, २०० समास. देह ठेवला सज्जनगडावर.

घर सोडलेल्या या माणसाने रानात बसून काय सांगितलं? घर सोडू नका, प्रपंच नीट करा. आजच्या समासात तर अक्षर वळणदार कसं काढावं, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, हेच आहे! मोक्षाच्या ग्रंथात हस्ताक्षर? हो. पुढच्याला वाचता यावं, ही काळजीसुद्धा भक्तीच.

आज लॅपटॉप उघडताना एवढं आठवूया.