उसळीतली प्रथिनं आणि कमलाबाई सोहोनी

दुर्गा भागवत हे नाव तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तरी आमच्या घरात ते नाव होतंच. पण त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. मेसमध्ये आपण ज्या उसळीला नाकं मुरडतो, तिच्यातली प्रथिनं अंगी लागतात का, या प्रश्नामागे त्या अनेक वर्षं होत्या.

त्यांचे वडील आणि काका दोघंही केमिस्ट, बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला, कारण एकच, अर्जदार मुलगी आहे! कमलाबाई हटल्या नाहीत, सरळ सत्याग्रहाला उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको! हा अपमान त्यांना कायम बोचला. पण उत्तर त्यांनी लॅबमध्ये दिलं. श्रीनिवासय्या सरांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. मग संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परदेशात राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईचं विज्ञान संस्था कॉलेज.

इथे खरी गोष्ट सुरू होते. ज्यांना दूध, अंडी, मांस परवडत नाही त्यांची प्रथिनं कडधान्यांतूनच येणार. पण कडधान्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारी आपल्या आतड्यातली कात्री. इनहिबिटर त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतो आणि कात्री जॅम होते. म्हणजे ताटात प्रथिनं आहेत, पण पोटाला पूर्ण मिळत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय धान्यांत हे इनहिबिटर शोधले. वाल आणि डबल बी यांतून तर ते स्फटिकरूपात वेगळे केले. हे काम १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

आता उपाय बघा. इनहिबिटर स्वतःही प्रथिनच, त्यामुळे ओल्या उष्णतेने त्याचा आकार मोडतो आणि तो बराचसा निकामी होतो. भिजवलेलं पाणी फेकलं की पोट फुगवणाऱ्या काही साखरा त्यासोबत जातात. मोड आणले की धान्यातलंच फायटेज एन्झाइम फायटिक ॲसिड तोडायला लागतं, आणि त्यात अडकलेलं लोह आणि जस्त मोकळं होतं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि नीट शिजवायचे, हे आपल्या आज्या करतच होत्या. त्यामागचं केमिस्ट्री आता आपल्याला कळतं.

कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यावरही काम केलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. मात्र संस्थेचं संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे उशिराच मिळालं. तरी त्या कडवट झाल्या नाहीत. नंतर ग्राहक चळवळीत उतरून त्या अन्नातल्या भेसळीबद्दल लोकांना सावध करत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या.

आपल्या ब्रँचमध्ये मुली किती आहेत ते एकदा मोजा. वर्गात बसायला आज आम्हाला कोणी अट घालत नाही. ही जागा कोणीतरी आधी भांडून मिळवलेली आहे, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. आणि हो, उसळ कच्ची राहिली असेल तर मेसवाल्या काकांना बिनधास्त सांगा, आता तुमच्याकडे शास्त्रीय कारण आहे!