डासाच्या पोटात डोकावणारा डॉक्टर

हिवतापाचे कोडे सोडवणाऱ्या डॉ. रोनाल्ड रॉस यांची माहिती मी सांगतो. त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी आपल्याच देशात, अलमोडा येथे झाला. त्यांना लेखक व्हायचे होते. पण वडिलांच्या इच्छेमुळे ते डॉक्टर झाले आणि १८८१ साली सरकारी नोकरीत रुजू झाले.

बंगलोरला त्यांच्या बंगल्यात डास फार. खिडकीबाहेरच्या पिंपात त्यांना अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी पिंप उपडे केले. डास कमी झाले! डासांचा हिवतापाशी संबंध तेव्हा कुणालाच नक्की ठाऊक नव्हता.

पुढे सिकंदराबादला ते डास चिरून तपासू लागले. उकाडा असूनही पंखा बंद, कारण डास उडून जातील ना! घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. हुसेनखान नावाचा रोगी स्वतःला डास चावून घेई, दर डासाला एक आणा. त्याचेही नाव पुस्तकात हवे, असे मला वाटते. २० ऑगस्ट १८९७ ला त्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली रॉसना नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेत फ्रीटाउनला त्यांनी माणसांच्या तुकड्या नेमून डबकी बुजवून घेतली. १९३२ साली ते वारले.

त्यानंतर डी.डी.टी. आले. फवारणीमुळे १९६५ पर्यंत देशात हिवतापाचे रोगी वर्षाला लाखभरच उरले. मग डबकी कोण बुजवतो? पण काही डास त्या विषाने मरेनात. वाचलेल्यांचीच पिल्लावळ वाढली आणि औषध लागू पडेना. आणखीही कारणे होती, पण १९७६ साली रोगी ६४ लाखांवर गेले.

माझे मामा मुलुंडला राहतात. मुंबईतला हिवतापाचा डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. विहीर, गच्चीवरची टाकी, बांधकामावर साठलेले पाणी. एका पावसाळ्यात मामांना हिवताप झाला. चौदा दिवस गोळ्या, मजुरी बुडाली ती वेगळीच. मग महानगरपालिकेचा माणूस शिडी लावून टाकीवर चढला. मीही गच्चीत होतो. झाकणाला भेग पडली होती. त्याने बॅटरी मारली, तर आत अळ्या, अगदी रॉसच्या पिंपातल्यासारख्या! टाकी रिकामी करून घासली, नवे झाकण बसवले. औषध मारलेच नाही. जवळच्या विहिरीत मात्र त्याने गप्पी मासे सोडले. ते अळ्या गट्ट करतात.