मिरजोळीचे सत्यशोधक : हमीद दलवाई

नावावरून माणसाची जात आणि धर्म ओळखण्याची सवय आपल्या देशात फार जुनी आहे. आडनाव उच्चारताच समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव बदलतो, हा अनुभव आंबेडकरी समाजाच्या प्रत्येक पिढीने घेतला आहे. मुसलमान माणसाच्या बाबतीत आडनावापर्यंत जावेच लागत नाही. पहिले नावच पुरेसे होते. 'हमीद' हे असेच एक नाव. मूळ अरबी शब्दाचा अर्थ स्तुत्य, प्रशंसेस पात्र असा आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान वस्त्यांमध्ये हे नाव सहज आढळते. शाळांच्या हजेरीपटावरही ते असते.

या नावाने देशाला थोर माणसे दिली आहेत. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत 'सिप्ला' या औषध कंपनीची स्थापना केली आणि स्वदेशी औषधनिर्मितीचा पाया घातला. हकीम अब्दुल हमीद यांनी दिल्लीत युनानी वैद्यकाला प्रतिष्ठा दिली आणि हमदर्द विद्यापीठ उभे केले. उत्तर प्रदेशातील हवालदार अब्दुल हमीद यांनी १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात जीपवरील तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे निकामी केले व तेथेच प्राण ठेवला; त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. उद्योग, वैद्यक आणि रणभूमी या तिन्ही क्षेत्रांत या नावाची प्रशंसा झाली. चौथे हमीद मात्र आपल्याच जिल्ह्यातील. त्यांच्या वाट्याला हयातीत प्रशंसेपेक्षा निंदा अधिक आली. त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हमीद दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळील मिरजोळी या गावी एका मराठी भाषक मुसलमान कुटुंबात झाला. शालेय शिक्षण चिपळूण परिसरात झाले. किशोरवयातच ते राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर जाऊ लागले आणि समता, लोकशाही व धर्मनिरपेक्षता ही मूल्ये त्यांच्या मनात रुजली. तो काळ फाळणीच्या राजकारणाचा होता. अशा वेळी एका मुसलमान मुलाने सेवा दलात जाणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे ते मुंबईस गेले. कोकणातील असंख्य तरुणांप्रमाणे त्यांनाही शिक्षण आणि पोटापाण्याचा प्रश्न एकाच वेळी सोडवावा लागला. आचार्य अत्रे यांच्या 'मराठा' दैनिकात त्यांनी पत्रकारिता केली.

सुधारक म्हणून ते प्रसिद्ध झाले. पण त्याआधी ते मराठीचे कसदार लेखक होते. 'लाट' हा कथासंग्रह १९६१ मध्ये आणि 'इंधन' ही कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक वर्षांनी कोकणातील आपल्या गावी परतलेला मुसलमान नायक, बदललेले मालक-कुळांचे संबंध, हिंदू आणि मुसलमान यांच्यात साचत गेलेला संशय आणि त्या संशयाचा अखेर होणारा भडका हे सारे 'इंधन'मध्ये येते. त्यात त्यांनी कोणत्याही एका समाजाला निर्दोष ठरविले नाही. आपल्या माणसांकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची ही सवय लेखणीतून कार्यात उतरली.

त्यांना सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते मुसलमान स्त्रीच्या स्थितीने. पतीने तीनदा 'तलाक' उच्चारला की संसार संपे. पोटगीची हमी नसे. एकीच्या हयातीत पतीला दुसरा विवाह करता येई. हिंदू स्त्रीच्या विवाहाचे व वारसाहक्काचे कायदे १९५५-५६ मध्ये बदलले, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी दिलेला लढा आणि १९५१ मधील त्यांचा मंत्रिपदाचा राजीनामा होता. तिच्या मुसलमान भगिनीसाठी तसा लढा देणारे मात्र कोणी पुढे येत नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. मोर्चात स्त्रिया होत्या अवघ्या सात. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे आणि स्त्री-पुरुषांस समान कायदा असावा, ही त्यांची मागणी होती. सातांच्या या मोर्चाची त्या दिवशी कोणी थट्टाही केली असेल. पण आज इतिहासाचा अभ्यासक त्या तारखेपाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही.

दलवाईंच्या घरातील आचारही विचाराशी जुळणारा होता. मेहरुन्निसा यांच्याशी त्यांचा निकाह झाला. पुढे दोघांनी विशेष विवाह कायद्यान्वयेही आपला विवाह नोंदविला. इतर स्त्रियांसाठी मागितलेले संरक्षण त्यांनी प्रथम आपल्या पत्नीस दिले.

१९६८ मध्ये अ. भि. शहा यांच्यासमवेत त्यांनी 'इंडियन सेक्युलर सोसायटी' स्थापन केली. त्यानंतर २२ मार्च १९७० रोजी पुण्यात 'मुस्लिम सत्यशोधक मंडळ' जन्मास आले. या नावाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी याच पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. धर्मग्रंथाचा अधिकार आणि मध्यस्थाची गरज नाकारून माणसाने आपल्या बुद्धीने सत्य शोधावे, हा जोतीरावांचा मार्ग. जवळजवळ शंभर वर्षांनी एका मुसलमान सुधारकाने आपल्या चळवळीचे नाव शोधताना त्यांच्याकडे पाहावे, ही घटना महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेचे धागे किती दूरवर पोहोचले होते याची साक्ष देते. जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले. त्या अर्थाने दलवाई आणि आपण एकाच विचारकुळातील आहोत.

मंडळाचे काम सोपे नव्हते. तलाकपीडित स्त्रियांना आधार देणे, शिक्षणाचा आग्रह धरणे, सभा व परिषदा घेणे यांस समाजातील कर्मठांचा कडवा विरोध झाला. त्यांना धर्मद्रोही ठरविण्यात आले. दुसऱ्या बाजूला, मुसलमानांवरील टीका ऐकून सुखावणारे लोक त्यांना आपले मानू पाहत. दलवाई कोणाच्याही गळाला लागले नाहीत. मुसलमानांच्या जमातवादावर त्यांनी कठोर टीका केली आणि हिंदू पुनरुज्जीवनवादासही तितक्याच स्पष्टपणे विरोध केला. त्यांच्या राजकीय लेखनाचा इंग्रजी अनुवाद दिलीप चित्रे यांनी केला आणि हा विचार महाराष्ट्राबाहेर पोहोचला.

येथे एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह जुना धर्म सोडला आणि बुद्धाचा धम्म स्वीकारला. दलवाई स्वतः निरीश्वरवादी असूनही आपल्या समाजातून बाहेर पडले नाहीत, नावही बदलले नाही. मग या दोन मार्गांत विसंगती नाही का? आमच्या मते नाही. ज्या व्यवस्थेने आपल्याला माणूसच मानले नाही, तिच्यातून बाहेर पडणे हीच अस्पृश्यांची मुक्ती होती. दलवाईंपुढील प्रश्न निराळा होता. ते निघून गेले असते तर तलाक मिळालेली स्त्री जिथल्या तिथे राहिली असती. मार्ग परिस्थितीने ठरतो. कसोटी मात्र एकच, त्या मार्गाने सर्वांत दुबळ्या माणसाच्या पायातील बेडी तुटते की नाही.

अतिश्रम आणि मूत्रपिंडाचा विकार यांनी त्यांचे शरीर पोखरले. ३ मे १९७७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते अवघे चव्वेचाळीस. त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीवाचून त्यांचे दहन करण्यात आले. मेहरुन्निसाबाईंनी त्यांच्यामागे चार दशके हे कार्य चालविले. जून २०१७ मध्ये त्या निवर्तल्या. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला. सात स्त्रियांची मागणी अंशतः मान्य होण्यास एक्कावन्न वर्षे लागली. बहुपत्नीत्वाचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

हे चरित्र वाचून 'त्यांच्यात' सुधारणा हवी असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. तसे करणे म्हणजे दलवाईंना पुन्हा एकदा न समजणे होय. त्यांनी शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखविले नाही. आपल्या घराचा केर काढला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेस जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली होती, हे ऋण आपण विसरू नये. दलवाईंचे विचार त्यांच्याच समाजबांधवांना हिणविण्यासाठी कोणी वापरू लागल्यास त्यास अडविणे हे आपले कर्तव्य आहे.

आणि त्याचबरोबर त्यांनी विचारले तसे प्रश्न आपण आपल्या घरी विचारले पाहिजेत. हुंडा न घेता झालेले विवाह आपल्या वस्तीत किती? पोटजातीचा विचार न करता सून आणणारी घरे किती? मुलाला वसतिगृहात पाठवून मुलीला दहावीनंतर घरी बसविणारे पालक आपल्यात आहेत की नाहीत? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, अनुभवाने पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. त्या उपदेशावर उभ्या असलेल्या या शाळेच्या विद्यार्थ्यांना मिरजोळी गाव दूरचे नाही. त्यांनी 'इंधन' वाचावे, आणि हजेरीपटावर हमीद हे नाव दिसले की त्यामागचा धर्म शोधण्याआधी त्या नावाचा अर्थ आठवावा.