बुरशीची बाजू घेणारे हॉवर्डसाहेब

डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ परवा ओपीडीत आले. मांडीवर गजकर्ण पसरलेले. गच्चीतल्या कुंड्यांना ट्रायकोडर्माची भुकटी घातली, तिचाच हा प्रताप, अशी त्यांची खात्री. मी समजावले, की गजकर्णाची बुरशी निराळी. ट्रायकोडर्मा मातीत राहते आणि मुळे कुजवणाऱ्या बुरशींना वेढून खाते. तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी आपले शेतकरी ती बियाण्याला चोळतात.

बुरशी म्हणजे रोगच, ही समजूत जुनी आहे. ती सोडलेल्यांपैकी एक होते सर अल्बर्ट हॉवर्ड, आणि गंमत म्हणजे पिकांचे बुरशीरोग हाच त्यांचा पहिला विषय. जन्म १८७३चा, इंग्लंडमधल्या शेतकरी घरात. वेस्ट इंडिजमध्ये उसाचे रोग तपासताना त्यांना खटकू लागले, की रोगावर आपण बोलतो, पण पीक स्वतः वाढवत नाही.

१९०५मध्ये ते बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत आले. आसपासची पिके औषधाविना निरोगी दिसली, तेव्हा साहेबाने तिथल्या शेतकऱ्यांनाच गुरू केले. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी बरोबरीने काम केले. १९२४मध्ये ते होळकरांच्या इंदूरला गेले. तिथे यशवंत वाड या मराठी सहकाऱ्यासह त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, वर-खाली करत, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. तीच इंदूर पद्धत. गॅब्रिएल १९३०मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड-वाड यांचे पुस्तक आले आणि हॉवर्ड मायदेशी परतले.

नंतर चहाच्या मळ्यांत फिरताना, मुळांत शिरलेल्या बुरशीच्या तंतूंवर त्यांचे लक्ष खिळले. याला मायकोरायझा म्हणतात. हे तंतू मातीतले अन्न झाडाला पोचवतात आणि त्यातूनच त्याला रोगाशी लढण्याचे बळ मिळते, असे त्यांनी १९४०च्या ग्रंथात मांडले.

यातले किती खरे? मायकोरायझा झाडाला मुख्यतः स्फुरद मिळवून देते आणि मुळांच्या काही रोगांत मदतही करते. पण सुपीक मातीच्या चाऱ्यावर पोसलेल्या आपल्या बैलांना शेजारच्या आजारी गुरांकडून लाळ्या-खुरकूत लागली नाही, हा त्यांचा दाखला मला पटत नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यावर विसंबून कुणी गुरांची लस टाळू नये, की स्वतःचीही. हॉवर्ड १९४७मध्ये वारले. त्यांच्या चाहत्यांनी मात्र हा दाखला आणखी ताणला.

गृहस्थांकडे वळतो. पिशवीतून त्यांनी दुकानातून आणलेले मलम काढले. त्यात स्टेरॉइड होते. खाज थांबली होती आणि आत गजकर्ण फोफावले होते. ते बंद केले, फक्त बुरशीवरचे मलम लिहून दिले, चट्टा गेल्यावरही काही दिवस लावायला सांगितले. कुंड्यांची भुकटी चालू ठेवा म्हणालो, मात्र ती घालताना तोंडाला मास्क लावा.