सावेदादांचा माकडवाला आणि हरवलेले नाव

दरवर्षी ३ मे जवळ आला की भारतीय सिनेमाच्या जन्माचे गोडवे गायले जातात. दि. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र मुंबईत लोकांसमोर आला आणि तेथून आपला सिनेमा सुरू झाला, असे सर्वत्र सांगितले जाते. फाळके यांचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्यांच्या आधी १४ वर्षे, म्हणजे १८९९ साली, याच मुंबईत एका मराठी माणसाने हलती चित्रे टिपली होती. त्या चित्रांत ना राजा होता, ना ऋषी, ना देव. होते दोन पैलवान आणि त्यानंतर एक माकडवाला. योगायोग असा की, ती चित्रे टिपणाऱ्याचे नावही हरिश्चंद्रच होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांचा जन्म दि. १५ मार्च १८६८ चा, मुंबईतला. हे साल आम्हाला महत्त्वाचे वाटते. याच १८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या फोटोंचा एक मोठा ग्रंथ छापायला सुरुवात केली. १८७५ पर्यंत त्याचे आठ खंड निघाले. त्यात माणसे होती, परंतु बहुतेकांना नाव नव्हते. फोटोखाली जात किंवा जमात लिहिलेली आणि ती जमात कशी आहे, सरकारला उपयोगी आहे की उपद्रवी, याचे शेरे. कॅमेरा आपल्या देशात आला तो असा. राजेरजवाड्यांसाठी तो तसबीर काढण्याचे साधन होता आणि गोरगरिबांसाठी नोंदवहीचे. मुंबईत १८५४ सालीच हौशी फोटोग्राफर मंडळींची संस्था निघाली होती. पण ती हौस साहेबांची आणि धनिकांची. कष्टकऱ्याच्या हाती कॅमेरा येण्याचा प्रश्नच नव्हता. तो फक्त कॅमेऱ्यासमोर उभा केला जात होता.

अशा काळात सावेदादांनी फोटोग्राफीचा व्यवसाय धरला आणि मुंबईत स्टुडिओ चालवला. पुढे दि. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. काही दिवसांत नॉव्हेल्टी थिएटरातही हे खेळ सुरू झाले. त्या खेळांत काय होते? स्टेशनात येणारी आगगाडी होती, समुद्रस्नान होते, पाडली जाणारी भिंत होती आणि कारखाना सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार होते. जगाच्या सिनेमाची सुरुवात रोजच्या जगण्यातून आणि कामगारांच्या पावलांतून झाली, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

ही चित्रे पाहून सावेदादा भारावले. नुसते भारावून थांबले नाहीत, त्यांनी इंग्लंडहून तसा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. त्या वेळच्या हुंडणावळीने हे सुमारे ३३० रुपये होतात. गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी ही रक्कम होती. धंद्याची खात्री नाही, फिती धुण्याची सोय देशात नाही, हा प्रकार टिकेल की चार दिवसांची गंमत ठरेल याचा भरवसा नाही, अशा वेळी एवढा पैसा घालणे हे धाडसच होते.

कॅमेरा हाती आल्यावर सावेदादांनी तो कोणाकडे वळवला, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. तो देवळाकडे किंवा दरबाराकडे वळवता आला असता. त्यांनी १८९९ साली मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती लावली आणि ती टिपली. लढणारे होते पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी. ती फीत धुण्यासाठी बोटीने विलायतेला गेली आणि तयार होऊन परत आली. दरम्यान त्यांनी दुसरी फीत घेतली ती माकडांचा खेळ करणाऱ्याची. पुढे प्रोजेक्टर विकत घेऊन परदेशी फितींबरोबर आपल्या फितीही ते लोकांना दाखवू लागले. पडद्यावर आगगाडी आणि गोरे कामगार पाहिलेल्या मुंबईकरांनी आता आपल्या मातीतली कुस्ती आणि आपल्या रस्त्यावरचा डमरूवाला पाहिला. भारतीय माणसाने भारतीय माणसाचे टिपलेले हे पहिले हलते चित्र. त्याचा नायक अंगमेहनत करणारा होता, ही गोष्ट सिनेमाच्या इतिहासकारांनी एका ओळीत उरकून टाकावी इतकी लहान नाही.

पुढे मात्र कॅमेऱ्याची दिशा बदलत गेली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत सर्वोच्च मान मिळवलेले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले. त्यांच्या स्वागताचा सोहळा सावेदादांनी टिपला. भारतातील पहिले वार्ताचित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९०३ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झनने भरवलेला दिल्ली दरबार त्यांनी टिपला. पैलवान आणि माकडवाल्यापासून निघालेला कॅमेरा चार वर्षांत सिंहासनापर्यंत पोहोचला. त्यानंतर काही वर्षांत सावेदादांनी हे काम सोडले, कॅमेरा विकून टाकला आणि मुंबईच्या गेइटी थिएटरची व्यवस्था पाहू लागले. फाळके आले, पौराणिक चित्रपटांची लाट आली, १९३१ साली आलम आराने पडद्याला वाचा दिली, देश स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झाला. हे सर्व या माणसाने जिवंतपणी पाहिले. दि. २० फेब्रुवारी १९५८ रोजी, नव्वदीला काही दिवस कमी असताना, त्यांचे निधन झाले.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. सावेदादांच्या त्या पहिल्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. उरल्या आहेत त्या पुस्तकांतल्या नोंदी. त्या नोंदी वकिलाच्या नजरेने वाचल्या तर काय दिसते? परदेशातून परतलेल्या विद्वानाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, पदवी सर्व काही नोंदले आहे. दोन पैलवानांपैकी एकाचे आडनाव म्हणून न्हावी असा व्यवसाय, म्हणजेच जात, नोंदली आहे. आणि माकडवाला? तो फक्त माकडवाला. त्याला नाव नाही, गाव नाही, बाप नाही. त्याच्या माकडांइतकीच त्याची ओळख. एकाच माणसाने एकाच शहरात दोन-अडीच वर्षांच्या अंतराने टिपलेली ही माणसे, पण इतिहासाच्या वहीत त्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. परांजपे पुढे बुद्धिवादी विचारवंत म्हणून नावारूपाला आले, त्यांच्याविषयी आमच्या मनात आकस नाही. आमचा प्रश्न वही लिहिणाऱ्यांना आहे.

कोणी म्हणेल, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माकडवाल्याचे नाव लिहिले नाही म्हणून काय बिघडले? काय बिघडते ते आम्ही सोलापुरात रोज पाहतो.

हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. जन्माने माणूस गुन्हेगार ठरू लागला. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमातींच्या लोकांना धरून कुंपणात ठेवले गेले. आमच्या सोलापूरचे सेटलमेंट हे त्यातलेच. हजेरी रोज, बाहेर जायचे तर परवानगी, आणि कायद्यानेच बोटांचे ठसे घेण्याची तरतूद. ज्यांच्या घामावर सोलापूरच्या गिरण्या चालल्या, त्यांत या कुंपणातले हातही होते. दि. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. म्हणजे विचित्र प्रकार पाहा, भटक्या-विमुक्त माणसाचे नाव या देशाने काळजीपूर्वक लिहिले ते कुठे, तर पोलिसांच्या वहीत. त्याची कला टिपताना त्याचे नाव लिहावेसे वाटले नाही. त्याच्यावर पाळत ठेवताना मात्र नाव, बापाचे नाव आणि दहा बोटे लागली.

आता कायद्याचा पुढचा भाग ऐका. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातीचा दाखला आणि त्याची वैधता मिळवायची तर दि. २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा या गावच्या वेशीवरून त्या गावच्या वेशीवर पाल ठोकत फिरला, त्याने १९६१ पूर्वीचा शाळेचा दाखला कोठून आणायचा? जन्ममृत्यूच्या रजिस्टरात तो नाही, सातबाऱ्यावर नाही, घरपट्टीच्या पावतीवर नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे आला होता. इंजिनिअरिंगचा प्रवेश अडला होता. पिशवीतून त्याने एक जुना, कडा झिजलेला फोटो काढला. जत्रेत खेळ करणारा त्याचा आजोबा. आम्ही फोटो उलटून पाहिला. मागे काहीच लिहिलेले नव्हते. ना नाव, ना साल, ना गाव. फोटो कोणी काढला हे घरात कोणाला माहीत नव्हते. कायद्यात फोटोला साक्षीदार लागतो. ज्याने तो काढला किंवा ज्याला त्यातली हकीकत माहीत आहे, त्याने उभे राहून सांगावे लागते. केवळ फोटोने जात सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु मागे दोन ओळी लिहिलेल्या असत्या तर बाकीच्या कागदांना आधार मिळाला असता. आम्हाला जात नष्ट करायची आहे, पण जातीने जे हिरावून घेतले ते परत मागायलाही जातीचाच कागद लागतो, ही या व्यवस्थेची क्रूर थट्टा आहे.

माकडवाल्याचा धंदाही आता राहिला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि नंतर दि. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने माकड, अस्वल, वाघ यांचे खेळ बंद झाले. मुक्या प्राण्याचे हाल थांबले पाहिजेत, करुणा मानणाऱ्या कोणाचेही त्याबद्दल दुमत असणार नाही. परंतु माकडाची सुटका करताना त्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस होता, त्याच्या पोटाची सोय कोणी केली? बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या-विमुक्तांविषयी अहवाल दिला. रेणके हे नाव सोलापूरला परके नाही. त्या अहवालातही या जमातींजवळ साधी कागदपत्रे नसल्याचे दुखणे आहेच.

दुसरीकडे पाहावे म्हणजे काय करता आले असते ते कळते. अमेरिकेत लुईस हाइन नावाचा एक शाळामास्तर होता. शाळेच्या कामासाठी म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १९०८ पासून तो सूतगिरण्या, खाणी, काचकारखान्यांतल्या बालमजुरांचे फोटो काढत फिरला. मालक आत येऊ देत नसत, तेव्हा तो कधी विमा एजंट, तर कधी यंत्राचे फोटो काढणारा बनून जाई. मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि खिशातल्या वहीत न बघता टिपून ठेवी. नाव, वय, कामाचे ठिकाण, किती वर्षे काम करते. त्याचे पाच हजारांवर फोटो आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात ते पुराव्यासारखे वापरले गेले. १९१६ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला, तरी लढा थांबला नाही आणि १९३८ साली पक्का कायदा झाला. हाइन स्वतः १९४० साली कंगाल अवस्थेत वारला. पण त्याच्या फोटोतल्या मुलांची नातवंडे आज आपल्या आजी-आजोबांना नावाने ओळखू शकतात.

सावेदादांना आम्ही दोष देत नाही. ते चळवळीतले कार्यकर्ते नव्हते, पोटासाठी स्टुडिओ चालवणारे व्यावसायिक होते. त्यांनी आपल्या खर्चाने रस्त्यावरचा माणूस पडद्यावर आणला, हे ऋण आम्ही मानतो. त्यांचे काम जेथे अपुरे राहिले, तेथून पुढे नेणे हे आपले काम आहे.

आज सावेदादांच्या २१ गिनींच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आमच्या प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. त्यात तो स्वतःचे आणि पुढाऱ्यांच्या मिरवणुकीचे फोटो साठवतो. आमची त्याला विनंती आहे. आपल्या घरात सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी आई आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात टॉवेल विणणारा काका आहे. पहाटे गटारात उतरणारा सफाई कामगार आहे. सेटलमेंटमधली ती म्हातारी आहे, जिने कुंपण स्वतः पाहिले आहे. त्यांच्याजवळ जा. आधी परवानगी मागा, कारण नकार देण्याचा हक्क त्यांना आजवर कोणी दिला नव्हता. मग फोटो काढा. ते सांगतील तसे त्यांचे पूर्ण नाव लिहा, आईबापाचे नाव लिहा, गाव, तारीख, काम, दिवसाची मजुरी लिहा. शेवटी फोटो काढणाऱ्याचे म्हणजे स्वतःचे नाव लिहा, कारण उद्या साक्ष द्यावी लागली तर तुम्हीच द्याल. मूळ फाइल जपून ठेवा. मोबाइलमधला फोटो न्यायालयात द्यायचा तर पूर्वी ६५-ब चे प्रमाणपत्र लागत असे, आता नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ चे लागते. ते देणारा माणूस ठाऊक असला पाहिजे.

भारतीय सिनेमाच्या पहिल्या वर्षीच आमचा माणूस पडद्यावर आला होता. त्याचे नाव आता आपल्याला सापडणार नाही. निदान त्याच्या पणतूचे नाव तरी यावेळी लिहून ठेवूया.